पत्र्यावरचं कातडं

आमच्या चुकिपाता गावात जुलैचं, म्हणजे ऐन थंडीतलं, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. अकराच्या आधी त्याला जाग येत नाही, आणि तीन वाजले की डोंगराआड पळतं. सकाळी सरोवराच्या काठाला बर्फाची साय धरलेली असते. माणसं भिंतीला पाठ लावून, हात काखेत घालून उन्हाची वाट बघत उभी असतात. मग अकरा ते तीनमध्ये गावाला सगळंच उरकायचं असतं. धुणं, भांडणं, सोयरिकीची बोलणी. आमच्या निएवेसला गाड्या उरकायच्या असतात.

निएवेस माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, सेवेरोची बायको. मी बेनिग्ना. मी नवऱ्याला टाकलं की नवऱ्यानं मला, यावर गावात अजून एकमत झालेलं नाही, पण मी राहते भावाकडे एवढं खरं. सेवेरो मिनीबस चालवतो, आमच्या गावातून घाट चढून शहरापर्यंत. निएवेस अशा मिनीबसना रंगीत व्हायनल, म्हणजे चिकटणारं पातळ प्लास्टिक, चढवते. गावात व्हायनल कुणी म्हणत नाही, कातडं म्हणतात. लग्नाआधी चार वर्षं ती एल आल्तो शहरातल्या एका दुकानात झाडू मारायला होती. तिथले कारागीर तिला व्हायनलचं टोकसुद्धा धरू द्यायचे नाहीत. तिनं झाडू मारता मारता सगळं बघून घेतलं आणि आमच्या अंगणात येऊन दुकान मांडलं.

मला ती फारशी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. बोलते कमी, बोलली की तोडून बोलते, आणि तिच्या हातचं सूप पाणचट असतं. पण ती पत्र्याला हात लावते तेव्हा बघत राहावं.

त्या शुक्रवारी अंगणात लारुताची गाडी होती. इपोलितो लारुता म्हणजे मिनीबसवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी. गाड्या सतरा, आणि कुणाची पाळी कधी, कोण पहिला सुटणार, कोण दिवसभर स्टँडवर माशा मारणार, सगळं त्याच्या जिभेवर. ऑगस्टमध्ये संघटनेला पंचवीस वर्षं होणार होती. मिरवणुकीत सतराही गाड्या एका रंगात दिसायला हव्यात, लाल अंगावर पांढरा पक्षी, असं त्यानं ठरवलं होतं. पहिली त्याची. ती नीट जमली तर बाकीच्या सोळा निएवेसकडे. जमली नाही तर सगळं काम शहरातल्या दुकानाला.

"वन्सं, हात धुतले?" निएवेसनं विचारलं.

"धुतले."

"साबणानं?"

"नाही, चर्चमधल्या पाण्यानं."

"परत धुवा. मघाशी मेंढीची चरबी चिरत होतात."

धुतले. पाणी असं होतं की बोटं आहेत की गेली, कळेना. गाडी दोन दिवस आमच्याच अंगणात होती. निएवेसनं ती आधी साबणानं धुतली, वाळवली, आरसे, मुठी, दिव्यांच्या चौकटी सगळं सोडवलं, मग स्पिरिटच्या फडक्यानं पुसली, त्यावर कोरडं फडकं फिरवलं. नखाला फडकं गुंडाळून दरवाज्याच्या खाचा पुसल्या. लारुतानं कधीकाळी चकाकीसाठी तेलकट पॉलिश लावलं होतं, ते काढण्यात एक अख्खी दुपार गेली. ती म्हणते, हाताला घाण लागत नाही म्हणजे स्वच्छ असं नसतं. स्पिरिट पत्र्यावर सरळ पसरलं पाहिजे, कुठेही थेंब धरून बसता कामा नये.

गुंडाळी मी माझ्या अंथरुणातून आणली. थंडीत व्हायनल ताठ होतं आणि कडेला तडकतं, म्हणून गुंडाळी रात्रभर माझ्या पांघरुणात असते. दीड मीटर लांब, माझ्या नवऱ्यापेक्षा कमी घोरते. बाजारात हे सांगितलं की बायका पोट धरून हसतात.

तिनं मागचा कागद सोडवला. मी दोन टोकं धरली, तिनं दोन. वारा नको म्हणून अंगणाला तिन्ही बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग मधून बाहेर, मधून बाहेर अशी तिची नमदा लावलेली पट्टी चालू झाली. ओढायचं नाही, ही तिची पहिली गोष्ट. ओढलं की आज बसतं आणि उद्या परत आकसतं. खोलगट जागी हीट गननं ऊब द्यायची, मऊ झालं की बोटानं आत बसवायचं. कडेला बोटभर जास्त ठेवून आत दुमडायचं. आणि शेवटी सगळ्या कडा, सगळ्या खाचा पुन्हा तापवायच्या, पालथा हात लावला तर चटका बसेल इतक्या. व्हायनलला आपला सपाट आकार आठवत असतो, ती म्हणते, तो त्याला चांगला भाजून विसरायला लावायचा.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तिनं पट्टी खाली ठेवली. तिच्या मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या, ओठ फुटून रक्त आलं होतं. गाडी मात्र अशी दिसत होती की मला क्षणभर त्या लारुताचा हेवा वाटला.

लारुता आला. सोबत सात-आठ ड्रायव्हर, त्यात म्हातारा ओक्तावियो, आणि गावचा भगत बर्नाबे आजोबा. लारुतानं गाडीभोवती चक्कर मारली.

"बरी झालीय," तो सेवेरोला म्हणाला. काम बायकोनं केलं होतं, पण तो बोलला सेवेरोशी.

"लारुता मास्तर," निएवेस म्हणाली, "दोन दिवस गाडी हलवू नका. ऊन लागू दे. पाणी नको, घाट नको. डिंक अजून धरायचाय."

"आज महिन्याचा पहिला शुक्रवार आहे," लारुता म्हणाला. "चाया आजच होणार."

नवी गाडी, नवं घर, नवं काहीही आलं की पाचामामाला, पायाखालच्या आईला, आधी दारू पाजायची. तीच चाया. तिच्याशिवाय आमच्याकडे सायकलसुद्धा फाटकाबाहेर पडत नाही.

"चाया करा की. चाकांना पाजा, जमिनीला पाजा," निएवेस म्हणाली. "फक्त पत्र्यावर..."

"सेवेरो, तुझी बायको आता बर्नाबे आजोबांना शिकवणार बघ."

सगळे हसले. सेवेरोही हसला, माझा भाऊ म्हणवणारा.

बर्नाबे आजोबांनी चार चाकांजवळ स्पिरिट शिंपडलं, पुटपुटले. त्यांचं काम तिथे संपलं होतं. पण बियरच्या बाटल्या आल्या होत्या. लारुतानं एक बाटली अंगठ्यानं बंद करून गदागदा हलवली आणि फेस थेट बॉनेटवर सोडला. मग दुसऱ्यानं दरवाज्यांवर. कुणी उरलेलं स्पिरिट टपावर ओतलं. ते बॉनेटच्या कडेनं घळघळ आत उतरताना मला दिसलं. वरून फुलांच्या पाकळ्या, रंगीत कागदाचे तुकडे, पुढे फटाक्यांची माळ. निएवेस शालीत हात दाबून उभी होती. गाडी वाजत गाजत निघून गेली.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला बोलू? पाचामामाला, की पिऊ नकोस?"

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी आमच्या बादलीतलं पाणी तळापर्यंत दगड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला लारुताची गाडी परत आली. घाटाच्या वरच्या वळणावर वाऱ्यानं बॉनेटचं कातडं उचललं आणि काचेवर थापलं. लारुतानं आंधळ्यासारखे ब्रेक मारले. मेलं कुणी नाही, पण एका बाईच्या मांडीवरची कोंबडी सुटून त्याच्याच डोक्यावर बसली म्हणे, आणि उतारूंची हसून पुरेवाट झाली. लारुताला ते हसणंच लागलं असावं.

तो उतरला, लोंबणारं कातडं दोन्ही हातांनी ओरबाडलं आणि आमच्या फाटकावरून आत फेकलं.

"मेंढीचं कातडंसुद्धा याहून घट्ट बसतं!" तो ओरडला. "सेवेरो, उद्या सभा आहे. तुझ्या बायकोनं सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे आणि माफी मागायची. उतारू मेले असते. काम शहरात जाईल, आणि ती गुडघे टेकेपर्यंत तुझी पाळी बंद!"

निएवेसनं ते कातडं उचललं. उलटं केलं. डिंक ढगाळ, पांढुरका झाला होता, आणि त्यात गुलाबी कागदाचे तुकडे अडकले होते. तिनं नाकाशी धरलं, मग माझ्या नाकाशी. स्पिरिटचा भपकारा आला.

"डिंक काढायचा असला की मी हेच लावते," ती म्हणाली.

आमच्याकडे सभेत गुडघे टेकणं नवीन नाही. कुणाची मेंढी चोरलेला, कुणाच्या बांधात नांगर घातलेला, सगळे टेकतात. मिनिटभराचं काम असतं. टेकायचं, चुकलो म्हणायचं, मग बाकीचे उठवतात, मिठी मारतात, बियर पाजतात. पण नंतर दहा वर्षं कुणाशी भांडण झालं की समोरचा म्हणतो, तू गप्प बस, तू टेकलेला. हेही तितकंच खरं.

रविवारी संघटनेच्या अंगणात गोणपाट अंथरलेलं होतं. लारुता टेबलामागे उभा. सतरा ड्रायव्हर, त्यांच्या बायका, भिंतीवर पोरं. निएवेस ते कातडं घेऊन आली, गोणपाटाला वळसा घालून टेबलाजवळ उभी राहिली.

"ते कुणासाठी अंथरलंय?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मी उभी बरी आहे."

"चूक झाली ते कबूल कर, संपलं."

"चूक झाली असती तर टेकले असते, गुडघे काही सोन्याचे नाहीत माझे." तिनं कातडं टेबलावर उलटं पसरलं. "वास घ्या. घ्या ना. हात लावून बघा. डिंक बसायच्या आधी तुम्ही त्यावर बियर ओतली, स्पिरिट ओतलं. ते कडेतून आत गेलं. रात्री गोठलं, फुगलं, कडा उचलली. वाऱ्यानं फक्त शेवटचं काम केलं."

एकदम गलका उठला.

"म्हणजे चायेनं गाडी बिघडली?" लारुताचा आवाज वर चढला. "ऐका रे ऐका! आईला पाजलं म्हणून कातडं निघालं म्हणतेय ही!"

"आईचं नाव कुठे घेतलं मी? आई जमिनीत राहते. बॉनेटच्या फटीत नाही राहत. तिच्या नावावर तुम्ही माझ्या सांध्यांना पाजलंत."

कुणी तरी खुसकन हसलं. बायकांमधून आवाज आला, "तोंड सांभाळ गं!" खरं सांगते, त्या वेळी मला तिचा राग आला. घरात एकच गाडी, तिची पाळी बंद, आणि ही इथे आईवरून वाद घालत उभी.

"असं करा," निएवेस म्हणाली. "सेवेरोची गाडी रिकामीच उभी आहे, तुमच्या कृपेनं. मंगळवारी मी तिला कातडं चढवते. दोन्ही बाजूंना सारखं, एकाच गुंडाळीतलं. डाव्या बाजूला तिथल्या तिथे बियर ओता, स्पिरिट ओता, मन भरेल तितकं ओता. उजवीला शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही. शनिवारी घाट. उजवी बाजू निघाली तर मी गुडघे टेकते, आणि परत कधी पट्टी हातात धरत नाही."

"आणि डावी निघाली तर?" ओक्तावियोनं विचारलं.

"तर मला काही नको. फक्त बघा."

लारुताला नाही म्हणता येईना. सगळ्यांनी हात वर केले, काहींनी तर केवळ गंमत म्हणून.

मंगळवारी आम्ही अकराला सुरू केलं. सेवेरो पहिल्यांदाच मदतीला होता, कारण करायला दुसरं काही नव्हतं. त्यानं दोनदा टोक सोडलं. तिसऱ्यांदा निएवेसनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, मग नाही सोडलं. अर्ध्यात वारा सुटला. प्लास्टिक फडफडायला लागलं, धूळ आत आली, तिनं डाव्या दरवाज्याचा अख्खा तुकडा फाडून फेकला आणि नवा कापला.

"डावीच तर होती," सेवेरो म्हणाला. "ती निघणारच आहे ना? कशाला नवा?"

"डावीत धूळ राहिली तर म्हणतील, मुद्दाम वाईट लावली."

तीन वाजता बर्नाबे आजोबांना आणलं. म्हातारा गाडीकडे बघून डोकं खाजवायला लागला.

"अर्धी चाया मी जन्मात केली नाही पोरी. आई विचारेल, उरलेली अर्धी गाडी कुणाची?"

"आजोबा, चाकं चारही पाजा. तिला काही कमी करू नका. पत्र्यावर मात्र डावीकडेच."

"चाकांशिवाय मी कधी कुठे शिंपडलंय?" म्हातारा पुटपुटला. हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. तो संघटनेच्या सेक्रेटरीसमोर हे मोठ्यानं म्हणणार नव्हता, आणि निएवेसनंही त्याला म्हणायला लावलं नाही.

लारुतानं स्वतःच्या हातानं ओतलं. डाव्या बाजूला दोन बाटल्या बियर, एक बाटली स्पिरिट. ओतताना त्याचं लक्ष खाली गळणाऱ्या थेंबांवर नव्हतं, निएवेसच्या तोंडावर होतं. ती बघत राहिली, आणि मग त्याला एक रिकामी बादली दिली, बाटल्या टाकायला.

त्या चार दिवसांत रोज सकाळी सेवेरो गाडीभोवती हिंडायचा. बुधवारी डाव्या दरवाज्याच्या खालच्या कडेला बोटाएवढा फुगा आला. गुरुवारी चार झाले. उजवीकडे काही नाही. शुक्रवारी बर्नाबे आजोबांनी उजवीकडची चाया केली, त्या बाजूलाही लारुतानं मनमुराद ओतलं. बियर ओघळली आणि खाली जमिनीत गेली.

शनिवारी गाडीत लारुता, ओक्तावियो, मी, निएवेस आणि जागा मिळेल तितके बघे. सेवेरोच्या हातात स्टिअरिंग, आणि मानेवर घाम, त्या थंडीत. वरच्या वळणाला वारा असा आला की गाडी रस्त्यात डुलली. डावीकडून फाट्, फाट् असा आवाज सुरू झाला. ओक्तावियोनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आलं रे आलं!" तो ओरडला. "मागपर्यंत सुटलं!"

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. डाव्या बाजूला लाल कातडं फडक्यासारखं लोंबत होतं, पांढऱ्या पक्ष्याचा एक पंख गेला होता. सगळे उजवीकडे आले. ओक्तावियोनं कडेत नख घातलं. मग दुसरं. मग दात ओठ खाऊन ओढलं, आणि नख तुटलं. त्यानं बोट तोंडात घातलं.

"लारुता मास्तर, तुम्ही बघा," निएवेस म्हणाली.

लारुतानं हात लावला नाही. "वारा डावीकडून होता," तो म्हणाला.

"मग परत जाताना उजवीकडून असेल," ती म्हणाली. "चला."

परत जाताना वारा उजवीकडूनच होता. कातडं जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत लारुता चतुरपणे बोलला, हे मान्य करायला हवं. काम चांगलं आहे, तो म्हणाला, बाईचे हात चांगले आहेत, सोळाही गाड्या इथेच होतील, माझी सतरावी, शहरात जायची गरज नाही. टाळ्या पडल्या. सेवेरोनं माझा हात दाबला. मग लारुता म्हणाला, "फक्त एक राहिलं. सभेत आईच्या चायेवरून वेडंवाकडं बोलणं झालं. ते मिटवलं पाहिजे. रीत आहे आपली. सेवेरोच्या बायकोनं मिनिटभर टेकावं, आणि उद्यापासून कामाला लागावं."

गोणपाट तिथेच होतं. कुणी तरी ते झटकून नीट अंथरलं.

"टेक गं बाई," मागून कुणी म्हणालं, प्रेमानंच. "जिंकलीस की. आता टेकून मोकळी हो."

सेवेरोनं तिच्या कोपराला धरलं. "निएवेस, मिनिटभर. माझी पाळी, तुझं काम, सगळं सुटतंय."

मीही म्हटलं. मी का लपवू? "टेक ना, काय झिजतं तुझं?"

तिनं आम्हा दोघांकडे बघितलं, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"वन्सं, आज टेकले तर उद्या कुणाचंही कातडं निघालं की माझीच चूक. गाडी विहिरीत घातली तरी माझीच चूक. म्हणतील, ही टेकलेली." मग ती लारुताकडे वळली. "माझं काम बरोबर होतं, माझं बोलणंही बरोबर होतं. आईची माफी मागायची तर मी माझ्या अंगणात मागते, ती तिथेही असते. तुमच्या पायाशी नाही असत."

"मग काम शहरात जाणार," लारुता म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "आणि सेवेरोची पाळी बंदच राहणार."

"राहू दे," ती म्हणाली आणि निघाली. जाताना गोणपाटावर पाय पडू नये म्हणून पुन्हा वळसा घातला.

त्यानंतरचे तीन दिवस असेच गेले. सेवेरो स्टँडवर जायचा, दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघायचा आणि परत यायचा. निएवेसनं डावी बाजू खरवडून काढली, पत्रा धुतला, नवं कातडं लावलं. चालणार नसलेल्या गाडीला! मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अर्धी उघडी गाडी अंगणात बरी नाही दिसत." मी रागानं चुलीत जास्तच वाळकं शेण घातलं, स्वयंपाकघरभर धूर झाला. मला वाटत होतं ही बाई आम्हाला उपाशी मारणार, आणि वर त्याचा हिला अभिमान. पण बुधवारी बाजारात लारुताच्या सुनेनं मला मुद्दाम विचारलं, "काय, भावजयीचे गुडघे दुखतात का हो?" माझ्या हातात बटाट्याची टोपली होती. मी म्हटलं, "दुखत नाहीत गं, वाकतच नाहीत. तुझ्या सासऱ्याची जीभ कशी आहे?" घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

गुरुवारी साडेनऊला फाटकाबाहेर हॉर्न वाजला. मी बाहेर आले. ओक्तावियोची गाडी होती. तिच्यामागे दुसरी. तिसरी वळणावर दिसत होती, आणि तिच्याही मागे धुरळा उठत होता.

"पाळी नाही तुझी आज?" मी विचारलं.

"पहिली होती." ओक्तावियो खाली उतरला. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यात संघटनेचा शब्द न मोडलेला, आणि आज घाबरलेला. "लारुता म्हणाला, शहरात जा. मी म्हटलं, शहरातल्या पोराच्या हातचं कातडं माझ्या काचेवर आलं तर मी कोणाला टेकवू? तो म्हणाला, तुझी पाळी बंद. मी म्हटलं, कर. मग या मागच्यांनीही आपापल्या चाव्या उचलल्या. आता सगळ्यांचीच बंद केली तर उतारू काय पाठीवर घेऊन जाणार तो?"

सेवेरो अंगणात आला, रस्त्यावर बघत राहिला. सहा गाड्या झाल्या होत्या. मग सात. तो आत गेला आणि मी पाहिलं तर साबणानं कोपरापर्यंत हात धूत होता.

निएवेस शेवटी आली. डोक्यावरची हॅट सारखी केली, कुणालाच काही म्हणाली नाही, आभारही मानले नाहीत. ओक्तावियोच्या गाडीजवळ गेली. पालथा हात बॉनेटवर ठेवला. बोट दरवाज्याच्या खाचेत फिरवलं, बाहेर काढून बघितलं. बोट ओलं होतं.

"कधी धुतलीत?"

"आत्ता पहाटे. तुझ्यासाठीच चकचकीत करून आणली."

"ओली आहे. खाचेत बर्फ आहे. घेऊन जा, उन्हात उभी करा, दारं उघडी ठेवा. उद्या अकराला या. मागच्यानं पुढे यावं."

"उद्या?" ओक्तावियोचा आवाज चिरकला. "अगं बाई, मी तुझ्यासाठी पंचवीस वर्षांची पाळी सोडून आलोय!"

"आलात, ते मला ठाऊक आहे," निएवेस म्हणाली. "पत्र्याला ठाऊक नाही."

ओक्तावियो गाडीत बसला, आरशात बघितलं, आणि मागच्यांना जागा द्या म्हणून हात करत गाडी मागे घ्यायला लागला.